आमच्या मोटारीचा गळका हीटर

घरातील वडील माणसांनी लहानांचे बोलणे हसण्यावारी नेले, म्हणजे त्याचा दंड केव्हा ना केव्हा भरावा लागतो, हे आम्ही इतरांस अनेकदा सांगितले होते. तो दंड स्वतः भरण्याचा प्रसंग २०१९ सालच्या पावसाळ्यात आमच्यावर आला. आणि तो आणला आमच्या मोटारीतील वीतभर लांबीच्या एका जाळीने. त्या जाळीची, तिच्या गळतीची व ती बदलण्याच्या खटाटोपाची ही हकीकत आहे. तीत यंत्रशास्त्राचा थोडा भाग आला आहे. परंतु वाचकांनी, विशेषतः पालकवर्गाने, ती केवळ मोटारीची हकीकत समजू नये, अशी आमची विनंती आहे.

आमचे वास्तव्य पाचगणीस. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. आषाढ-श्रावणात येथे ढग खिडकीवाटे घरात येतात, कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत आणि भिंतींनाही घाम फुटतो. अशा हवेत मोटार हाकणाऱ्याची खरी चिंता रस्त्याची नसते; समोरच्या काचेची असते. बाहेरून पाऊस काच धुतो, त्याला वायपर आहे. परंतु आतून माणसांच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर बसते, त्याला वायपर नाही. त्याला उपाय एकच, काचेवर कोरडी, उष्ण हवा सोडणे. आमची मोटार १९९८ सालची. तिचे थंड हवेचे यंत्र फार पूर्वीच निकामी झालेले. त्यामुळे तिचा हीटर हाच पावसाळ्यातील आमचा एकमेव आधार होता.

त्या वर्षी जून महिन्याच्या अखेरीस आमचे चिरंजीव, तेव्हा इयत्ता आठवीत होते, एके दिवशी शाळेत जाताना म्हणाले, “बाबा, गाडीत गुळाचा पाक शिजल्यासारखा वास येतो.” आम्ही हसून म्हणालो, “न्याहारी कमी झालेली दिसते!” पुन्हा दोन-तीन वेळा त्यांनी तेच सांगितले, तेव्हा आम्ही काहीशा त्राग्याने त्यांस गप्प केले. त्याच सुमारास त्यांचे मोजे रोज ओले व चिकट होऊन घरी येऊ लागले. “मी चिखलात गेलो नाही,” असे ते सांगत. पण पावसाळ्याच्या दिवसांत असे सांगणाऱ्या मुलावर कोण विश्वास ठेवतो? त्यांच्या आईने त्यांस रागावले. आणि आम्ही, शिक्षकाच्या सवयीप्रमाणे, “मी डबक्यात पाय घालणार नाही” हे वाक्य पन्नास वेळा लिहून काढण्याची शिक्षा दिली. त्यांनी ती मुकाट्याने लिहिली.

इकडे मोटारीच्या इंजिनाचे पाणी कमी होत होते. आठवड्याला पेलाभर, मग दोन पेले. मोटारीखाली थेंबही दिसेना, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ‘जुने यंत्र आहे, तहान लागणारच,’ असे म्हणून आम्ही दर रविवारी विहिरीचे पाणी भरून मोकळे होत असू. हे पाणी जाते कोठे, हा साधा प्रश्न आमच्या मनास शिवला नाही. गोड वास, ओले मोजे आणि नाहीसे होणारे पाणी ही तीन अक्षरे आमच्यासमोर लिहिलेली होती; ती जोडून वाचणे मात्र आम्हांस सुचले नाही.

जुलै महिन्यात एका रात्री आमच्या मातोश्रींस दम्याचा मोठा झटका आला. त्यांस वाईच्या रुग्णालयात नेणे भाग होते. पाचगणीहून वाईस उतरणारा पसरणीचा घाट सुमारे बारा-तेरा किलोमीटरांचा. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस कठडा व त्यापलीकडे खोल दरी. मातोश्री व मुलाची आई मागे बसल्या. चिरंजीव पुढे, आमच्या डाव्या हाताशी. पाऊस मुसळधार होता. गाव मागे पडताच काच धुरकटली, म्हणून आम्ही हीटर पूर्ण सुरू केला. आणि काय आश्चर्य! काच निवळण्याऐवजी दुधासारखी पांढरी झाली. आम्ही पंखा वाढविला, तसा तो पांढरा पडदा अधिकच दाट झाला. फडक्याने पुसू लागलो, तर काचेवर तेलकट थर पसरला आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचे त्यात शंभर दिवे झाले. मोटारीत तोच गोड, उग्र वास कोंदला. मागे मातोश्रींना खोकल्याची उबळ आली.

तेवढ्यात चिरंजीवांनी आपल्या बाजूची काच खाली केली, डोके बाहेर पावसात काढले आणि ते ओरडले, “बाबा, उजवीकडे घ्या! कठडा जवळ आला!” आम्ही चाक फिरविले व गती कमी केली. वाई येईपर्यंत ते तसेच डोके बाहेर काढून, चिंब भिजत, “सरळ”, “वळण आहे”, “समोर लॉरी” असे सांगत राहिले आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांनी मोटार हाकीत राहिलो. ज्या मुलाच्या नाकावर आम्ही महिनाभर विश्वास ठेवला नाही, त्याच्या डोळ्यांवर त्या रात्री आमच्या सर्व कुटुंबाचे प्राण अवलंबून होते. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिनाच्या उष्णतेचा काटा तांबड्या रेघेस टेकला होता. मातोश्रींवर वेळेवर उपचार झाले व चौथ्या दिवशी त्यांस घरी जाण्याची परवानगी मिळाली. ईश्वराचे उपकार किती मानावेत!

दुसऱ्या दिवशी वाईतील एका मिस्त्रींस मोटार दाखविली. त्यांनी बॉनेट उघडलेही नाही. पुढचे डावे दार उघडून पायांखालचा गालिचा दाबला, बोटे ओली झाली ती नाकाशी नेली आणि म्हणाले, “मास्तर, पाणी बाहेर सांडताना दिसत नाही, म्हणजे ते आतच सांडतंय. हीटर कॉइल गळतीय. इथं कोण बसतं?” आम्ही खाली मान घालून सांगितले, “मुलगा.” “त्याचे पाय भिजत असतील की!” मिस्त्री सहज बोलून गेले. आम्हांस मात्र त्या पन्नास ओळी आठवल्या.

येथे या कॉइलची थोडी माहिती दिली पाहिजे. मोटारीत जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी थोडाच हिस्सा काय तो चाके फिरविण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुरावाटे व इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. ते तापलेले पाणी निवविण्यासाठी पुढे मोठी जाळी असते, तिलाच आपण रेडिएटर म्हणतो. इ. स. १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञाने मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर मोटारीस बसविला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या आणि त्यामुळे थोडक्या पाण्यात मोठे इंजिन थंड ठेवणे शक्य झाले. हीटर कॉइल ही त्याच रेडिएटरची धाकटी बहीण. ती डॅशबोर्डच्या मागे एका डब्यात बसविलेली असते. इंजिनातील सुमारे ९० अंश तापलेले पाणी एका रबरी नळीने तिच्यात येते व दुसरीने परत जाते. पंखा तिच्यावरून हवा फुंकतो आणि ती हवा उष्ण होऊन काचेवर व पायांवर येते. जी उष्णता एरवी फुकट गेली असती, तिचाच हा सदुपयोग. परंतु कॉइलला सूक्ष्म भोक पडले, की त्याच पंख्याने उष्ण हवेऐवजी गरम द्रावणाची वाफ काचेवर येते. आम्ही घाटात हीटर जितका वाढविला, तितके संकट का वाढले, याचा उलगडा आम्हांस असा झाला.

मिस्त्री म्हणाले, “दोन्ही पाइप बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून देतो. अर्ध्या तासाचं काम. हीटर बंद राहील, पण गाडी पळंल.” मातोश्रींस आणावयाचे होते, म्हणून आम्ही रुकार दिला. खरोखर अर्ध्या तासात गळती थांबली. मोटार उत्तम चालू लागली आणि हा खर्चही किरकोळ झाला. पुष्कळ जण येथेच थांबतात, असेही आम्हांस कळले. परंतु मातोश्रींस घेऊन घाट चढताना काच पुन्हा धुरकटली. आता ती केवळ श्वासाच्या बाष्पाने धुरकटत होती, पण ते घालविण्यास उष्ण हवा कोठून आणावी? नाइलाजाने दोन्ही बाजूंच्या काचा उघड्या ठेवाव्या लागल्या आणि दम्याच्या रोग्यास पावसाळी वारा लागला. शालीत गुंडाळलेल्या त्या वृद्ध मुद्रेकडे आरशातून पाहताना आम्हांस कळून चुकले, की आम्ही दोष दूर केला नव्हता. दोषाबरोबर उबही तोडून टाकली होती. तेव्हा कॉइल बदलावयाची, असा निश्चय केला.

पुढच्या शनिवारी व रविवारी मिस्त्रींच्या शेडमध्ये हे काम झाले. मिस्त्रींचा साहाय्यक गावी गेला होता, त्यामुळे ते काम आम्हा बापलेकांकडे आले. नवी कॉइल दीड हजार रुपयांच्या आत मिळाली. परंतु तिच्यापर्यंत पोहोचणे हेच खरे काम. मोटार बनविताना कॉइल आधी बसवितात व मग तिच्यावर डॅशबोर्डचा सारा संसार उभारतात. म्हणून ती काढताना तो सारा संसार मोडावा लागतो. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडली. इंजिन पूर्ण निवाल्याची खात्री करून रेडिएटरच्या तळाचा बूच काढला व द्रावण पातेल्यात घेतले. मग कॉइलकडे जाणाऱ्या नळ्या. वीस वर्षांत रबर पितळेला चिकटून गेले होते. आम्ही ती नळी पिळून ओढू लागलो, तो मिस्त्री म्हणाले, “थांबा! ओढू नका, नवीन टाकायची असली तरी सवय वाईट. पाइप चिरा.” पात्याने रबर उभे चिरले, तसे ते सालीसारखे सुटून आले. मग सामानाचा खण, रेडिओ, सुकाणूखालचे आवरण, गतिमापक आणि शेवटी डॅशबोर्ड.

चिरंजीवांनी जुन्या वहीची पाने फाडून प्रत्येक जागेच्या स्क्रूची पुडी बांधली व तीवर जागेचे नाव लिहिले. प्रत्येक तारेची जोडणी सोडण्यापूर्वी तिचे चित्र काढले. हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. मिस्त्री आम्हांकडे वळून म्हणाले, “पोरगं बघून काम करतंय.” या वाक्यातील ‘बघून’ हा शब्द आमच्या मनात घर करून राहिला. महिनाभर तेच तर बघत होते!

संध्याकाळी डबा उघडला. कॉइलच्या खालच्या कोपऱ्यास पांढरे-हिरवट क्षार साठले होते, आणि त्यांखाली टाचणीने पाडावे एवढे भोक. मिस्त्रींनी जुन्या कॉइलची एक नळी हातोडीने चेचून दाखविली. आत चुनखडीसारखा थर. “यात कूलंट काय घालता?” त्यांनी विचारले. आम्ही खरे ते सांगितले, की मागील वर्षी कोणीतरी लिटरभर हिरवे कूलंट घातले होते; त्यापूर्वी व त्यानंतर विहिरीचे पाणी. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. विहिरीच्या जड पाण्यातील क्षार उष्णतेने नळ्यांत बसतात आणि नुसते पाणी धातू गंजविते. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात. तीही काळाने क्षीण होतात, म्हणून ते ठराविक मुदतीने बदलावे लागते व शुद्ध, क्षाररहित पाण्यातच मिसळावे लागते. शिवाय त्यातील इथिलीन ग्लायकॉलमुळे द्रावणाचा उत्कलनबिंदू वाढतो. पाचगणीच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९६ अंशांवरच उकळते, हे शास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. रेडिएटरचे झाकण आतील दाब वाढवून हा बिंदू बराच वर नेते. म्हणूनच इंजिन गरम असता ते झाकण कधीही उघडू नये. उघडताच दबलेले द्रावण उसळून तोंड भाजते. थोडक्यात, कूलंटचे काही शे रुपये वाचविण्याच्या आमच्या काटकसरीने ते भोक पाडले होते. मोटारीस दोष देण्याची सोय उरली नाही.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. द्रावणाचे पातेले आम्ही शेडच्या दाराशी ठेवले होते. मिस्त्रींचा कुत्रा त्यात तोंड घालणार, तोच चिरंजीवांनी धावत जाऊन पातेले उचलले. “गोड वास येतो ना, म्हणून तो आला,” ते म्हणाले. इथिलीन ग्लायकॉल चवीस गोड, पण जहाल विष आहे. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनून मूत्रपिंडे निकामी होतात. थोडे पोटात गेले तरी कुत्र्या-मांजरांचा प्राण जातो व माणसालाही धोका होतो. ज्या घरी लहान मुले व जनावरे आहेत, तेथे हे द्रव्य उघडे ठेवू नये, जमिनीवर वा नाल्यात ओतू नये. आम्ही ते झाकणाच्या डब्यात भरून, डब्यावर ‘विष’ असे लिहून मिस्त्रींच्या हवाली केले.

रविवारी जोडणी. नवी कॉइल बसविण्यापूर्वी मिस्त्रींनी तिची एक नळी बंद केली, दुसरीतून पंपाने हवा भरली आणि सायकलच्या पंक्चरप्रमाणे ती बादलीतील पाण्यात बुडविली. बुडबुडा आला नाही. “आत्ता तपासली नाही, तर पुन्हा सगळं खोलायला लागतं,” ते म्हणाले. रबरी नळ्याही नव्याच घेतल्या. जुन्या वस्त्रास नवे ठिगळ लावल्याचा दृष्टान्त आम्ही शाळेत किती वेळा ऐकला आहे! कॉइलभोवती स्पंजाची नवी पट्टी चिकटविली, कारण ती नसेल तर हवा कॉइलमधून न जाता बाजूने निसटते. गालिचा काढून वाळत घातला. त्याखालच्या पत्र्यावर गंज धरू लागला होता, तो खरवडून रंग दिला. सर्व जुळवून झाल्यावर आमच्या हाती दोन स्क्रू शिल्लक राहिले. आम्ही ते खिशात टाकण्याच्या विचारात होतो. चिरंजीवांनी रिकाम्या पुड्या पाहिल्या, एक न सोडलेली पुडी काढली आणि म्हणाले, “गतिमापकाचे, बाबा. वरचे दोन.” पुन्हा आवरण काढून ते बसविले.

शेवटी शुद्ध पाणी व कूलंट निम्मे-निम्मे भरले. मोटारीचे तोंड चढावर ठेवले, हीटरची कळ उष्ण बाजूस सरकविली आणि झाकण न लावताच थंड इंजिन सुरू केले, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. ती राहिली तर कॉइलपर्यंत उष्ण पाणी पोहोचतच नाही. द्रावण जसजसे खाली गेले, तसतसे भरत राहिलो. बुडबुडे थांबले तसे झाकण लावले. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत वाट पाहिली. काच आतून साबणाच्या पाण्याने तीनदा पुसून तो तेलकट थर घालविला. मग हीटर लावला. पायांवर कोरडी ऊब आली आणि काचेवरील धूसरपणा खालून वर हळूहळू मावळत गेला. वास कसलाही नव्हता.

त्या संध्याकाळी घाट चढताना पाऊस तसाच होता, पण काचा बंद होत्या आणि समोरचा रस्ता स्पष्ट दिसत होता. चिरंजीव डाव्या बाजूस बसले होते. मध्येच त्यांनी खाली वाकून गालिचा हाताने चाचपला व काही न बोलता पुन्हा ताठ बसले. आम्ही विचारले, “कोरडा आहे?” ते म्हणाले, “कोरडा आहे.” त्यानंतर पाचगणी येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या दृष्टीस किंवा नाकास जे आले, ते एकदा सांगून ऐकले गेले नाही, तर पुन्हा सांगा. आणि सांगताना काय पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले, हेही सांगा. पालकहो, मूल सांगते ते नेहमीच बरोबर असेल असे नाही. परंतु वाकून गालिचा दाबून पाहण्यास किती वेळ लागतो? तेवढे कष्ट आम्ही महिनाभर घेतले नाहीत. घरातही असे पुष्कळ गळके कोपरे असतात, जे बाहेरून दिसत नाहीत. त्यांच्या दोन नळ्या जोडून मोटार चालविता येते, हे खरे. पण मग थंडीच्या वेळी ऊब कोठून आणावी?

असो. घरी पोहोचल्यावर आम्ही चिरंजीवांची ती शिक्षेची वही मागून घेतली. पन्नास ओळी सुवाच्य अक्षरात होत्या. त्यांखाली आम्ही आमच्या हाताने एकावन्नावी ओळ लिहिली व खाली सही केली: “मोजे मोटारीने भिजविले होते, मुलाने नव्हे, चूक आमची.” ती वही आमच्या घरी अद्यापि जपून ठेवली आहे.